कमी खर्चात लहान आणि शांत गेमिंग कॉम्प्युटर कसा जोडावा

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खटखट चालू असते, त्यामुळे कॉम्प्युटरचा पंखा कितीही घोंगावला तरी तो कोणाच्या कानावर येत नाही. रात्री माग थांबले की मात्र तोच आवाज भिंतीपलीकडे झोपलेल्या आईबाबांपर्यंत पोहोचतो. माझा पहिला कॉम्प्युटर असा होता की गेम सुरू केला की पाचव्या मिनिटाला आतल्या खोलीतून हाक यायची. दुसरा जोडताना म्हणूनच मी आवाजापासून विचार सुरू केला. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या लहान घरांत, एकाच खोलीत अभ्यास, झोप आणि खेळ सांभाळणाऱ्यांना त्या अनुभवाचा उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कॉम्प्युटर जेवढी वीज ओढतो, तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. ती कॅबिनेटबाहेर नेण्याचे काम पंख्याचे, आणि आवाज पंख्याचा. म्हणून भाग निवडताना प्रत्येकाच्या वेगाइतकेच त्याच्या वॅटकडेही पाहावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून दोनशे वॅटच्या आसपास राहिले, तर लहान कॅबिनेटमध्येही पंखे सावकाश फिरवून काम भागते. हाच आकडा साडेतीनशेवर गेला की कमी खर्चात शांतता मिळवणे फार अवघड होते.

पंख्याचा हिशेब एकदा समजून घेतला की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. पंख्याची गती निम्मी केली तर हवाही साधारण निम्मीच येते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, आणि 10 डेसिबल उतरले तरी कानाला आवाज जवळजवळ निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट, तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. त्यामुळे मिनिटाला 1600 फेरे घेणाऱ्या एका पंख्यापेक्षा 800 फेऱ्यांचे दोन पंखे लावणे केव्हाही चांगले. पंखे 120 मिलिमीटरचे किंवा त्याहून मोठे आणि चार पिनांचे घ्यावेत, कारण चार पिनांच्या पंख्याची गती मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर जोडतात त्या मुख्य बोर्डाला) अगदी खालपर्यंत नेमकी आवरता येते.

आता आकार. सर्वांत लहान प्रचलित मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे 17 सेंटिमीटर चौरस. दिसायला तो मोहक असतो, परंतु त्याची किंमत जास्त, त्याला बसणारी कॅबिनेटे महाग आणि त्यातले लहान, एसएफएक्स आकाराचे एसएमपीएसही (घरची वीज कॉम्प्युटरला लागते तशी करून देणारा डबा) महाग. माझे स्पष्ट मत असे की मर्यादित पैशांत 24.4 सेंटिमीटरचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड घ्यावा आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डावर व पंख्यांवर घालावेत. कॅबिनेटची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागली की लिटर मिळतात. लग्नकार्यात येणारा पाण्याचा जार 20 लिटरचा असतो. मायक्रो-एटीएक्सचे आटोपशीर कॅबिनेट अशा दीड जाराएवढी जागा घेते. टेबलाखालच्या कोपऱ्यासाठी एवढे पुरेसे लहान आहे.

कॅबिनेट घेताना समोरची बाजू जाळीची आहे का, हे आधी पाहावे. समोर सपाट काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेटे दुकानात छान दिसतात, पण त्यांत हवा कडेच्या बोटभर फटीतून आत येते आणि तेवढ्यासाठी पंख्यांना दुप्पट राबावे लागते. माझ्याकडचे कॅबिनेट जुने, समोरून बंद पत्र्याचे होते. ते टाकून देण्याऐवजी मी उद्यमबागेतल्या पत्र्याचे काम करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन समोर दोन भोके पाडून घेतली. असे करायचे असेल तर मापे लिहून न्यावीत: 120 मिलिमीटरच्या पंख्यासाठी साधारण 115 मिलिमीटर व्यासाचे गोल भोक, आणि स्क्रूच्या चार भोकांचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 105 मिलिमीटर. कॅबिनेट पूर्ण रिकामे करूनच न्यावे आणि घरी आणल्यावर धुऊन, पुसून, उन्हात वाळवावे. लोखंडाचा एवढासा कीस मदरबोर्डवर पडला तरी शॉर्ट होतो. कापलेल्या कडेवरून कानशीही फिरवून घ्यावी, नाहीतर पुढे वायर कापली जाते.

प्रोसेसरच्या बाबतीत एएमडीचा रायझन 5 5600 हा 65 वॅटचा, सहा कोअरचा प्रोसेसर फुल एचडी खेळांसाठी मला आजही पुरेसा वाटतो. तो 2022 साली आला असला तरी त्याला लागणारे एएम4 सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा) बोर्ड आणि डीडीआर4 रॅम जुन्या बाजारातही सहज मिळतात. इंटेलचा कोअर आय3 12100एफ त्याहून कमी पैशांत चालतो. या दोन्हींत स्वतःचे ग्राफिक्स नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. कार्ड सहा महिन्यांनी घेऊ, असा विचार असेल तर आतमध्ये ग्राफिक्स असलेला रायझन 5 8600जी पाहावा. त्याला नवा एएम5 बोर्ड आणि डीडीआर5 रॅम लागते, खर्च थोडा चढतो, पण कार्डाशिवायही हलके खेळ चालतात आणि लहानपणा व शांतता दोन्ही आपोआप साधतात. त्यात रॅमच्या दोन पट्ट्या लावणे मात्र सक्तीचे समजावे, कारण आतले ग्राफिक्स रॅमवरच जगते आणि एका पट्टीत त्याचा वेग बराच पडतो.

ग्राफिक्स कार्ड हा खर्चाचा सर्वांत मोठा वाटा. भाव सतत बदलतात, म्हणून रुपयांपेक्षा प्रमाण सांगतो: मॉनिटर सोडून जे बजेट असेल त्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास कार्डाला द्यावेत. एनव्हिडियाचे आरटीएक्स 3050, त्यातही 6 जीबीचे, केवळ 70 वॅट घेते आणि त्याला सहसा एसएमपीएसमधून वेगळी वायरसुद्धा लागत नाही. अगदी लहान कॅबिनेटसाठी ते सोयीचे आहे. एएमडीचे आरएक्स 6600 हे 8 जीबीचे कार्ड 132 वॅट घेते आणि 3050 पेक्षा स्पष्टपणे वेगवान आहे. आरटीएक्स 4060 हे 115 वॅटमध्ये त्याच्याही पुढे जाते. कोणतेही घ्यावे, पण एकाच कार्डाच्या वेगवेगळ्या मॉडेलांतून दोन पंख्यांचे आणि जाड हीटसिंकचे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांचे) मॉडेल निवडावे. एका लहान पंख्याचे मॉडेल हजारभर रुपयांनी स्वस्त मिळते आणि पुढची चार वर्षे रोज रात्री शिटी वाजवते. मागवण्यापूर्वी कार्डाची लांबी कॅबिनेटच्या मापाशी जुळवून पाहावी.

एसएमपीएस हा भाग आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. कॅबिनेटबरोबर मिळणारा फुकटचा एसएमपीएस गेमिंगसाठी कधीही वापरू नये. वर सांगितलेली यंत्रणा पूर्ण जोरात चालली तरी 250 वॅटच्या आसपासच घेते, तरीही 550 वॅटचा, 80 प्लस ब्राँझ किंवा गोल्ड दर्जाचा (म्हणजे कमी वीज वाया घालवणारा) एसएमपीएस घ्यावा, म्हणजे तो निम्म्या क्षमतेवर चालतो आणि त्याचा पंखा जवळजवळ ऐकू येत नाही. जुनी वायरिंग असलेल्या घरांत अर्थिंग आधी तपासून घ्यावी. चालू कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर अर्थिंग नाही असे समजावे आणि वायरमनला बोलवावे. पावसाळ्यात वीज जाते-येते, त्यासाठी यूपीएस हवाच. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर हा कॉम्प्युटर चालवू नये, कारण चांगल्या एसएमपीएसला साइन वेव्ह लागते; नाहीतर तो गुणगुणतो, कधी बंदही पडतो.

हार्ड डिस्क नको. एम.2 प्रकारची, थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी, तिच्यात फिरणारे काहीच नसते.

रायझन 5 5600 सोबत येणारा छोटा कूलर काम करतो, पण आवाज करतो. कॅबिनेटमध्ये उंचीची सोय असेल तर 120 मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्यावा. त्याची उंची साधारण 155 मिलिमीटर असते, तेवढी जागा आहे की नाही ते कॅबिनेटच्या माहितीपत्रकात पाहावे. एवढ्याशा उष्णतेसाठी पाण्याचा कूलर घेऊ नये, त्यात पंपाचा आवाज वाढतो आणि पैसे जातात.

सगळे भाग एकाच ठिकाणी मिळतील असे नाही. मी काही बेळगावात घेतले, काही कोल्हापूरहून आणवले, कार्ड ऑनलाइन मागवले. प्रत्येकाचे जीएसटीचे बिल सांभाळून ठेवावे आणि वॉरंटीसाठी भाग कुठे पाठवावा लागेल, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

जोडणी करताना घाई करू नये. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर बाहेरच बसवावेत. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवावा. तो आपल्या वजनाने आत बसतो, दाबावा लागत नाही. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) मध्यभागी वाटाण्याएवढी पुरे. बोर्डावर रॅमच्या चार जागा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरावी. कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खुंट) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत का ते मोजून पाहावे आणि मागची पत्र्याची पट्टी बोर्डाच्या आधी बसवावी, कारण ती विसरली की सगळे पुन्हा उलगडावे लागते.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगून ठेवतो. कूलर बदलताना मी तो थंड असतानाच सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून आला आणि त्याच्या एका कडेच्या तीन पिना वाकल्या. शिसे काढलेल्या क्लच पेन्सिलीच्या टोकाने एकेक पिन सरळ करायला मला अख्खी संध्याकाळ लागली. एएम4 वर कूलर काढण्यापूर्वी कॉम्प्युटर दहा मिनिटे चालवून गरम करावा, बंद करून वायर काढावी, आणि मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलके पिळत सुटा करावा.

पंख्यांची दिशा अशी ठेवावी: समोरचे दोन हवा आत घेणारे, मागचा एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की धूळ फटींतून शिरत नाही, ती समोरच्या जाळीवरच अडते. निपाणीकडे तंबाखूची भुकटी, उद्यमबागेजवळ फाउंड्रीची काळी धूळ आणि खानापूरकडे लाल माती, असा प्रत्येक गावाचा वेगळा त्रास असतो. धुता येणारी बारीक जाळी समोर हवीच. मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावावी.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन रॅमचे एक्सएमपी, म्हणजे तिला पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग, चालू करावे, नाहीतर 3200 ची रॅम 2133 किंवा 2400 वरच चालत राहते. मग पंख्यांची आखणी करावी, कारण खरी शांतता इथे मिळते. प्रोसेसर 60 अंशांपर्यंत असताना पंखे 700 ते 800 फेऱ्यांवर स्थिर ठेवावेत आणि पुढे हळूहळू चढवावेत. गती बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय बहुतेक बोर्डांत असते, ती वापरावी. सतत वरखाली होणारा आवाज एकसारख्या आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. गेममध्ये प्रोसेसर 75 अंशांवर गेला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

नंतर कार्ड. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर गेममध्ये फ्रेम (सेकंदाला काढली जाणारी चित्रे) 60 वर बांधून ठेवाव्यात. पडद्यावर न दिसणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड उगाच तापते आणि त्यातून येणारी बारीक किरकिरही वाढते. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा एएमडीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून कार्डाचा व्होल्टेज थोडा थोडा उतरवावा, दर वेळी तासभर खेळून पाहावे, आणि गेम बंद पडला तर एक पायरी मागे यावे. या दोन गोष्टींना एक पैसाही लागत नाही. माझ्या कार्डाचे पंखे त्यानंतर खेळताना क्वचितच हजार फेऱ्यांच्या वर गेले.

तरीही घुमल्यासारखा आवाज येत असेल तर तो टेबलाचा असतो. प्लायवुडचे टेबल पंख्यांची कंपने तबल्यासारखी मोठी करते. मी फरशीवाल्याकडून शहाबादी फरशीचा उरलेला तुकडा आणला, त्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे ठेवले आणि त्यावर कॅबिनेट ठेवले. घुमणे त्याच दिवशी थांबले. कॅबिनेट भिंतीपासून किमान वीतभर दूर असावे. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात भिंती ओलावतात, तिथे हे अंतर आणखी वाढवावे आणि खेळायचे नसले तरी दिवसाआड अर्धा तास कॉम्प्युटर चालू ठेवावा, म्हणजे आतला दमटपणा स्वतःच्या उष्णतेने निघून जातो.

समोरची जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. मोठी सफाई वर्षातून दोनदा पुरते, मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या आवराआवरीत एकदा. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळा सोडलेला पंखा हवेच्या झोताने भलत्याच वेगाने फिरतो, त्याचे बेअरिंग खराब होते आणि मग त्या पंख्याची घरघर कुठल्याही सेटिंगने जात नाही.