इतिहास-भूगोलाची वर्गसाधने : या चुका टाळा

नकाशा, तक्ता, कालरेषा आणि जुन्या पत्रांच्या प्रती ही इतिहास व मानवी भूगोल शिकवण्याची नेहमीची साधने आहेत. एकेकटी तपासली तर ती बहुधा बिनचूक निघतात; घोटाळा होतो तो एका सालचा नकाशा आणि दुसऱ्या सालची माहिती वर्गात एकत्र आल्यामुळे. अशा जोडीतून मुले काढतात तो निष्कर्ष तर्काला धरून असतो आणि तरीही चुकीचा असतो, त्यामुळे ही चूक पकडायला अवघड जाते.

नकाशा आजचा, आकडे 2011 चे

क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे प्रत्येक जिल्हा त्याच्या आकड्यानुसार फिकट-गडद छटेत रंगवलेला नकाशा, करून घेताना वापरला जाणारा महाराष्ट्राचा कोरा नकाशा 36 जिल्ह्यांचा असतो. 2011 च्या जनगणनेच्या तक्त्यात मात्र 35 जिल्हे आहेत, कारण पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. मग काही मुले पालघर कोरा सोडतात, तर काही 1,10,60,148 ही अविभाजित ठाण्याची लोकसंख्या आजच्या ठाण्याच्या नावावर मांडतात. यावर उपाय म्हणजे तालुकावार आकडे घेणे. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांची बेरीज 29,90,116 होते आणि ठाण्याकडे 80,70,032 उरतात. ही बेरीज-वजाबाकी शिक्षकाने आयती देऊ नये. ती मुलांनीच केली, तर प्रशासकीय सीमा माणसांनी आखलेल्या असतात आणि बदलतात, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दोन जनगणनांची तुलना करताना हीच चूक अधिक महागात पडते. धुळ्याची लोकसंख्या 1991 मध्ये पंचवीस लाखांच्या वर होती आणि 2001 मध्ये ती सतरा लाखांच्या आसपास दिसते. दुष्काळ पडला असेल, लोक कामासाठी सुरतेकडे गेले असतील, अशी कारणे विद्यार्थी देतात आणि ती ऐकायला पटतातही. खरे कारण एवढेच, की 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. वाशीम (1998), हिंगोली आणि गोंदिया (1999) यांच्यामुळे अकोला, परभणी आणि भंडारा यांचे आकडेही असेच फसवतात.

सगळा महाराष्ट्र एकाच छटेत रंगला तर?

ही तक्रार शिक्षकांकडून वारंवार येते आणि तिचे मूळ वर्गांतरात, म्हणजे आकड्यांचे गट कोठे तोडले यात, असते. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला 74, तर मुंबई उपनगरची 20,980 आहे. या पट्ट्याचे पाच समान गट केले, की मुंबईचे दोन जिल्हे सर्वांत गडद होतात आणि उरलेले सगळे सर्वांत फिकट गटात जातात. मुंबईचे दोन्ही जिल्हे स्वतंत्र दाखवावेत आणि बाकीच्यांसाठी 200 पेक्षा कमी, 200 ते 300, 300 ते 500 आणि 500 पेक्षा जास्त असे असमान गट करावेत. क्षेत्रघनी नकाशात एकूण लोकसंख्या तर मुळीच भरू नये. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे त्या जनगणनेत 45 लाख लोक होते आणि कोल्हापुरात 39 लाखांहून कमी. पण घनता अनुक्रमे 266 आणि 504 होती.

लिंग-गुणोत्तराचा तक्ताही एकटा देऊ नये. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया आहेत हे वाचून तेथे मुलींचे स्वागत अधिक होते असा समज होतो. मुंबई शहराचे 832 हे गुणोत्तर आणि रत्नागिरीचाच 0 ते 6 वयोगटाचा तक्ता शेजारी ठेवला, की बालकांमध्ये मुलींची संख्या तेथेही कमीच असल्याचे दिसते आणि चाकरमान्यांचे स्थलांतर समोर येते.

इतिहासाच्या तासाला

आजच्या राज्याच्या नकाशावर मराठेशाही शिकवू नये. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले, ती तामिळनाडूतील जिंजी या नकाशात मावतच नाही. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचेही तसेच आहे. हैदराबाद संस्थानाच्या सीमा दाखवल्याशिवाय 15 ऑगस्ट 1947 नंतर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत लढा का चालू राहिला, याचे उत्तर मुलांना सापडणार नाही.

कालरेषेतील नेहमीची चूक शकाच्या रूपांतराची असते. शकात 78 मिळवायचे, एवढाच नियम पाठ असतो. राज्याभिषेकाच्या शके 1596 मध्ये 78 मिळवले, की 1674 मिळतात आणि नियम बरोबर वाटतो. शिवजन्माची शासनमान्य तिथी मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 ही आहे. तेथे 78 मिळवले तर 1629 येतात, आणि तारीख तर 19 फेब्रुवारी 1630 आहे. शकवर्ष गुढीपाडव्याला सुरू होते, म्हणून पाडव्यापासून 31 डिसेंबरपर्यंत 78 आणि 1 जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 मिळवावेत. महिना न पाहता साल काढूच नये.

इंग्रजी पत्रांतही हाच खड्डा आहे. 1752 पूर्वी इंग्लंडचे नवे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, त्यामुळे सुरतेच्या वखारीतील एखाद्या पत्रावर फेब्रुवारी 1673 असेल, तर आपल्या गणनेने ते बहुधा 1674 चे असते. शिवाय इंग्रज तेव्हा जुने ज्युलियन पंचांग पाळत, तर गोव्याचे पोर्तुगीज आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन. त्यामुळे सतराव्या शतकातील एकच घटना दोघांच्या कागदांत दहा दिवसांच्या फरकाने येते. असे दोन कागद वर्गात शेजारी लावताना प्रत्येकाखाली पंचांगाचे नाव लिहावे. नाहीतर त्या दहा दिवसांसाठी मुले दोघांपैकी एका लेखकाला खोटे ठरवतात.