पार्टनर टीममध्ये येताय? कमिशनआधी मुदत बघा

आधी मी दुसऱ्यांच्या प्लॅटफॉर्मसाठी ॲप बनवायचो, मग प्लॅटफॉर्मच्या बाजूला पार्टनर टीममध्ये, म्हणजे असे ॲप बनवणाऱ्या भागीदारांना सांभाळणाऱ्या टीममध्ये आलो. नव्याने येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की सगळी ओढाताण कमिशनची असते. ॲपलच्या ॲप स्टोअरचे ३० टक्के सर्वांना पाठ असतात. २०२१ पासून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांना ते १५ टक्के झाले, हेही. पण कमिशन आधीच माहीत असतं, किमतीत धरता येतं. भागीदाराचा जीव टांगणीला लागतो तो नियम आणि एपीआय (ज्यातून ॲप प्लॅटफॉर्मकडून माहिती घेतं तो दुवा) बदलतात तेव्हा.

एका सकाळी आमच्या ॲपमध्ये ऑर्डर येत होत्या, पण ग्राहकाचा फोन नंबर रिकामा. प्लॅटफॉर्मने ते फील्ड काढून टाकलं होतं. तीन महिने आधी ईमेलही पाठवला होता, पण नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर. दुरुस्तीला चार दिवस लागले, तोवर दोन ग्राहक सोडून गेले.

म्हणून आता एपीआयची जुनी आवृत्ती बंद करायची ठरली की मी फक्त ईमेलवर विसंबत नाही. लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, काढून अजून कोण जुनी आवृत्ती वापरतंय ते बघतो आणि त्यांना फोन करतो. अखेरच्या तारखेआधी ती आवृत्ती मुद्दाम तासाभरासाठी बंद ठेवतो, सांगून. याला ब्राउनआउट म्हणतात. ज्याने एकही पत्र उघडलं नाही, तोही त्या तासात जागा होतो.

युरोपीय संघात जुलै २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार, ऑनलाइन बाजारपेठ किंवा ॲप स्टोअर चालवणाऱ्याला व्यावसायिकांसाठीच्या अटी बदलायच्या असतील तर किमान १५ दिवस आधी कळवावं लागतं. तांत्रिक फेरफार लागणार असतील तर जास्त. कोड लिहिणाऱ्याला १५ दिवस फारच अपुरे आहेत, असं माझं ठाम मत आहे. याहून वाईट टोक जानेवारी २०२३ मध्ये दिसलं: ट्विटरने ट्वीटबॉट, ट्विटरिफिक अशा, ट्विटर वापरण्यासाठी इतरांनी बनवलेल्या ॲपचा प्रवेश न सांगता तोडला आणि अशा ॲपना मनाई करणारी अट नियमांत काही दिवसांनी घातली.

ॲपची तपासणी, परवानग्या, प्रमाणपत्रं हेही काम आहेच. ते महिन्याभरात हाताखालून जातं.

मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: मागची आवृत्ती बंद केली त्या दिवशी तिच्यावर किती भागीदार उरले होते? आकडा चटकन सांगणारी टीम मिळाली, तर तिथे रुजू व्हा.