वर्षाअखेरचा आठवडा क्रमांक डेटाबेसमधून बरोबर कसा काढायचा

१ जानेवारी २०२७ला शुक्रवार आहे. या तारखेचा आठवडा तीन डेटाबेसना विचारला तर पोस्टग्रेसचं एक्स्ट्रॅक्ट फंक्शन ५३ देतं, मायएसक्यूएलचं वीक फंक्शन ०, आणि एसक्यूएल सर्व्हरचं डेटपार्ट १. तिघंही आपापल्या नियमाने बरोबर. पोस्टग्रेस आयएसओ ८६०१ हे तारखांचं आंतरराष्ट्रीय मानक पाळतं: आठवडा सोमवारी सुरू, आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात, त्या वर्षाचा तो आठवडा. मायएसक्यूएल मूळ मोड ०मध्ये (मोड म्हणजे मोजणीचा नियम निवडणारा आकडा) वर्षातल्या पहिल्या रविवारपासून मोजतं, त्याआधीचे दिवस शून्यात टाकतं. एसक्यूएल सर्व्हरसाठी १ जानेवारी ज्या आठवड्यात तोच पहिला.

म्हणून आधी नियम ठरवा. आयएसओ हवा असेल तर मायएसक्यूएलमध्ये मोड ३ द्या, एसक्यूएल सर्व्हरमध्ये वीकऐवजी आयएसओ-वीक मागा, ओरॅकलमध्ये डब्ल्यू-डब्ल्यू या फॉरमॅट कोडऐवजी आय-डब्ल्यू वापरा.

खरा घोळ मात्र वर्षाचा असतो. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार, म्हणजे २०२५चा आठवडा १. वर्ष नेहमीच्या इयर फंक्शनने काढलं तर ‘२०२४-०१’ तयार होतं आणि डिसेंबरअखेरची विक्री जानेवारी २०२४च्या बेरजेत जाऊन बसते. एरर येत नाही, एकूण बेरीजही जुळते, त्यामुळे ही चूक सहज निसटते. आठवडा आयएसओ असेल तर वर्षही आयएसओच घ्या: पोस्टग्रेसमध्ये आयएसओ-इयर, ओरॅकलमध्ये आय-वाय-वाय-वाय, मायएसक्यूएलमध्ये इयरवीक, तेही मोड ३ देऊनच, ते २०२५०१ देतं. एसक्यूएल सर्व्हरच्या डेटपार्टमध्ये आयएसओ वर्ष मिळत नाही. तिथे २६मधून आयएसओ आठवडा वजा करा, तेवढे दिवस तारखेत मिळवा आणि आलेल्या तारखेचं वर्ष घ्या. ३० डिसेंबरला २५ दिवस मिळवले की २४ जानेवारी २०२५ येते.

नुसतं ग्रुपिंग करायचं असेल तर क्रमांकाच्या फंदात न पडता आठवड्याच्या सोमवारची तारीख वापरणं उत्तम. पोस्टग्रेसचं डेट-ट्रंक ती थेट देतं. मायएसक्यूएलमध्ये तारखेतून वीकडे फंक्शनचं उत्तर वजा करा, कारण तिथे सोमवार ० असतो. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवलेल्या असतील तर आधी आशिया/कोलकाता टाइमझोनमध्ये आणा. नाहीतर भारतातल्या सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी मागच्या आठवड्यात जातात.

क्वेरी तपासायला या तारखा घ्या: १ जानेवारी २०२१ला २०२०चा ५३वा आठवडा यायला हवा, १ जानेवारी २०२३ला २०२२चा ५२वा, २९ डिसेंबर २०२५ला २०२६चा पहिला.