रोमन पत्रांतला मुक्तदास वाचताना

इतिहासाच्या एम.ए.ला असताना मी रोमन वक्ता व राजकारणी सिसेरो आणि त्याचा मुक्तदास (म्हणजे गुलामगिरीतून मोकळा केलेला माणूस) तिरो यांच्यावर पहिला निबंध लिहिला आणि त्या दोघांच्या नात्याला बेधडक ‘मैत्री’ म्हणून मोकळा झालो. आधार भक्कम वाटत होता. इ.स.पू. ५० च्या नोव्हेंबरात, किलिकिया प्रांताचा कारभार आटोपून परतताना, सिसेरोला आजारी तिरोला ग्रीसमधल्या पात्रे या शहरी मागे ठेवावे लागले आणि पुढच्या प्रवासात त्याने त्याला पत्रांवर पत्रे धाडली; एकात तर ‘आजच्या दिवसातले तुला हे तिसरे पत्र’ असे तो लिहितो. निबंध परत आला तेव्हा सरांनी समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता: ‘तिरोची पत्रे कुठे आहेत?’ सिसेरोच्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या संग्रहातला सोळावा भाग तिरोला लिहिलेल्या पत्रांचाच मानला जातो. त्यात २७ पत्रे आहेत आणि ती सिसेरोची, त्याच्या भावाची व मुलाची आहेत. तिरोचे त्यांत एकही नाही. हा विषय नव्याने हाती घेणाऱ्याने तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, म्हणजे माझे जसे एक सत्र वाया गेले तसे त्याचे जाणार नाही.

मी तेव्हा निव्वळ इंग्रजी भाषांतरावर विसंबलो होतो, हेही एक कारण होते. लॅटिनमध्ये मुक्तदासासाठी दोन शब्द आहेत. ‘लिबर्टस’ हा नेहमी कोणाचा तरी असतो, अमक्याचा लिबर्टस. ‘लिबर्टिनस’ म्हणजे त्या वर्गातला माणूस, आणि उच्चभ्रूंच्या लेखणीतून हा दुसरा शब्द बहुधा नाक मुरडतच उतरतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेका एका अर्धशिक्षित धनिकाची टर उडवताना त्याची मालमत्ता लिबर्टिनसची होती आणि अक्कलही, असे म्हणतो. लॅटिन पक्के होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, परंतु मूळ आणि भाषांतर समोरासमोर छापलेली आवृत्ती घेऊन निदान एवढे दोन शब्द कुठे येतात ते पाहावे. रीतसर मुक्त झालेल्याला नागरिकत्व आणि मताधिकार मिळे, पण सिनेटचे दार त्याला बंदच राही; जुन्या धन्याचा मान राखण्याचे आणि ठरलेली कामे करून देण्याचे बंधन सुटत नसे, आणि धन्याचे कुलनाम तर कायमचे चिकटे. इ.स.पू. ५३ मध्ये मुक्त झालेला तिरो मार्कस टुलियस तिरो झाला, म्हणजे पहिली दोन नावे सिसेरोचीच.

बारकाईने वाचायला एकच पत्र निवडायचे झाले तर मी धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रसंग्रहातले, नवव्या भागातले एकविसावे पत्र सुचवीन. सॅबिनियानस नावाच्या मित्राचा मुक्तदास त्याच्या रागाला घाबरून प्लिनीकडे येतो, पायांवर लोळण घेतो, रडतो, पुष्कळ वेळ गप्पही राहतो. प्लिनी त्याच्यासाठी रदबदली करतो. मात्र आपण त्याला खरपूस बोललो आहोत आणि पुन्हा कधी शब्द टाकणार नाही अशी तंबी दिली आहे, हे तो मित्राला आवर्जून कळवतो आणि लगेच जोडतो की, ही तंबी त्याच्यासाठी, तुझ्यासाठी नव्हे. म्हणजे मित्राकडे पुन्हा शब्द टाकण्याची वाट मोकळीच, आणि ज्याच्यासाठी टाकायचा त्याला तेवढे कळू द्यायचे नाही. अपराध काय होता ते पत्रात नाही. मुक्तदासाचे नावही नाही. मी हे पत्र तीनदा वाचून दयाळूपणाचा नमुना म्हणून टिपून ठेवले होते आणि नावाची उणीव चौथ्या वाचनात लक्षात आली, हे कबूल करायला हवे.

प्लिनीच्या घरी मात्र मुक्तदासांना नावे आहेत. झोसिमस हा त्याचा वाचक आणि नट, सचोटीचा, तत्पर, शिकलेला. तो रक्त ओकू लागला तेव्हा प्लिनीने त्याला आधी इजिप्तला पाठवले आणि त्रास उलटल्यावर पाउलिनस या मित्राच्या फोरम जूली येथील मळ्यावर, कारण तिथली हवा चांगली आणि दूध गुणकारी. हाच मायाळू माणूस टिबुरच्या रस्त्यावर सम्राट क्लॉडियसच्या पॅलस या मुक्तदासाची कबर पाहतो तेव्हा त्याची भाषा पार घसरते आणि चिखल, घाण असे शब्द येतात. पॅलसला सिनेटने प्रेटर या उच्च अधिकारपदाची मानचिन्हे आणि दीड कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) देऊ केले होते. त्याने मान घेतला आणि पैसे नाकारले. ही रक्कम पाहून थबकू नये, तर कोरलेल्या मजकुरात गौरवाचे कारण काय दिले आहे ते वाचावे: धन्यांविषयीची निष्ठा आणि भक्ती. झोसिमसच्या अंगी ज्या गुणांचे कौतुक होते तेच हे गुण आहेत. माझ्या मते प्लिनीची आग गुणांवरून नाही, तर ते प्रशस्तिपत्र धन्याऐवजी सिनेटने लिहिले यावरून आहे.

प्लिनीच्या संग्रहाचा दहावा भाग, म्हणजे सम्राट ट्रेजनशी झालेला पत्रव्यवहार, रुक्ष म्हणून बहुतेक विद्यार्थी टाळतात, आणि मीही टाळला होता. त्यात वालेरियस पाउलिनसने आपल्या अर्धवट हक्क मिळालेल्या मुक्तदासांवरचा अधिकार प्लिनीच्या नावे करून ठेवल्याचे कळते, आणि सगळ्यांसाठी एकदम मागणे अति होईल म्हणून प्लिनी तूर्त तिघांसाठीच पूर्ण नागरिकत्व मागतो. माणूस मुक्त होऊनही मृत्युपत्रातून एका हातातून दुसऱ्या हाती जातो, हे ज्याला साहित्यिक पत्रांत पटत नाही त्याने इथे पाहावे.

तिरोकडे परत येताना आपल्या वाचकाला एक सोय आहे. जुने मराठी कागद ज्याने थोडे चाळले असतील त्याला तीर्थरूप, चिरंजीव, राजमान्य राजेश्री या मायन्यांवरूनच कोण कोणाला लिहितो ते समजते. रोमन पत्राचा मायनाही तसाच वाचावा. सिसेरो मुक्त तिरोला ‘टुलियसकडून आपल्या तिरोला’ असे लिहितो आणि ‘सुओ’, म्हणजे ‘आपल्या’, हा शब्द जवळिकीचा आहे. सोळाव्या भागातले अठरावे पत्र मात्र मध्येच सुरू झाल्यासारखे उघडते: मग काय, असे लिहायचे नाही? मला तर वाटते लिहावे, वर ‘सुओ’ही जोडावे, पण तुझी इच्छा असेल तर लोकांचा मत्सर टाळू. मायन्यातली सलगी लोकांच्या डोळ्यांवर येईल, अशी हरकत तिरोने घेतली असणार. ती त्याच्या शब्दांत कुठेही नाही, सिसेरोच्या उत्तरावरून तेवढी ओळखता येते. त्या पत्राच्या मायन्यात ‘सुओ’ नाही.