इतके आठवडे, इतके कोटी: गाण्यांचे विक्रम तपासायचे कसे

माझा पुतण्या पुण्यात क्विझसाठी प्रश्न काढतो आणि उत्तराची खात्री करायची वेळ आली की ते माझ्याकडे ढकलतो. "काका, एवढं बघून ठेवा ना." मी संगीतातला जाणकार वगैरे नव्हे. नोकरी बँकेच्या तपासणी विभागात झाली, घरात तबकड्यांची दोन कपाटं आहेत, आणि छापलेला आकडा दिसला की त्याचं व्हाउचर मागायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. पद्धत त्याला फोनवर बऱ्याचदा सांगून झाली. आता लिहूनच देतो, म्हणजे इतरांच्याही कामाला येईल.

आधी दावा कुठल्या जातीचा आहे ते बघ. "अमुक अल्बम इतके आठवडे यादीत टिकला" हा एक आणि "इतक्या कोटी प्रती खपल्या" हा दुसरा. पहिल्याचे कागद मिळतात, दुसऱ्याचे बहुधा मिळत नाहीत. फॉरवर्डमध्ये हे दोन्ही एकाच वाक्यात कोंबलेले असतात. ते सुटे करून दोन ओळींत लिही आणि प्रत्येकाचा स्वतंत्र तपास कर.

मग कुठलंही संकेतस्थळ उघडण्याआधी कागदावर गुणाकार कर. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'बद्दल नेहमी फिरणारं वाक्य आहे: "हा अल्बम सलग पंधरा वर्षं बिलबोर्डच्या यादीत होता." (बिलबोर्ड म्हणजे अमेरिकेतलं संगीत-व्यवसायाचं नियतकालिक; सर्वाधिक चाललेल्या अल्बमची आणि गाण्यांची क्रमवार यादी ते दर आठवड्याला काढतं.) अल्बम यादीत आला मार्च १९७३ मध्ये. पंधरा वर्षं म्हणजे वर्षाला ५२ धरून ७८० आठवडे. १९७३ ते १९८८ या काळासाठी सगळीकडे छापला जाणारा आकडा आहे ७४१. म्हणजे मधे तो यादीतून बाहेर जाऊन परत आलेला आहे आणि 'सलग' हा शब्द गेला. विक्रम तरीही अचाट आहे, त्याला खोट्या विशेषणाची गरज नाही. गंमत अशी की इतका काळ टिकलेला हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर फक्त एक आठवडा होता, एप्रिल १९७३ च्या अखेरीला. टिकणं आणि शिखरावर असणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे प्रश्न काढताना लक्षात ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं: यादी केवढी होती आणि तिचे नियम काय होते? इथे लोक हमखास घसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिंक फ्लॉइडने १९८३ मध्ये ज्याचा विक्रम मोडला तो अल्बम म्हणजे अमेरिकी गायक जॉनी मॅथिसचा 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स'. तो १९५८ चा, आणि त्याचे आठवडे ४९०. पण मॅथिसचा अल्बम यादीत आला तेव्हा बिलबोर्डची अल्बमची यादी अगदी आखूड होती. १९५९ ते १९६३ मध्ये तर मोनो आणि स्टीरिओ अशा दोन वेगळ्या याद्या निघत. ऑगस्ट १९६३ मध्ये त्या एकत्र करून १५० अल्बमची एक यादी झाली आणि मे १९६७ मध्ये ती २०० वर गेली. २०० च्या यादीत तळाला लोंबकळत राहणं आणि मोजक्या जागांच्या यादीत पाय रोवून राहणं एकाच मापाने मोजता येत नाही. माझं मत विचारशील तर मॅथिसचे ४९० जास्त वजनदार आहेत. क्विझमध्ये मताला गुण नसतात, तेव्हा ते सोड.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. २५ मे १९९१ पासून बिलबोर्डने जुन्या, घसरलेल्या अल्बमना मुख्य यादीतून काढून 'कॅटलॉग' नावाच्या वेगळ्या यादीत बसवलं. नव्या अल्बमना जागा मिळावी हा हेतू. जून २००९ मध्ये मायकेल जॅक्सन गेला, त्याचे जुने अल्बम त्या आठवड्यांत देशात सर्वाधिक खपत होते, आणि नियमामुळे ते मुख्य यादीत दिसतच नव्हते. डिसेंबर २००९ पासून हा नियम उठवला. म्हणजे अठरा वर्षांहून जास्त काळ दुकानात जुना माल विकला जात होता आणि मुख्य खतावणीत त्याची नोंदच होत नव्हती. बॉब मार्लेचा 'लेजंड' १९८४ चा आहे. त्याचे आठवडे आता आठशेच्या पार गेलेत, पण त्यातले बहुतेक २००९ नंतरचे आहेत. ते कोष्टक बघून कुणी म्हणेल की नव्वदच्या दशकात मार्लेला कुणी विचारत नव्हतं. तेव्हा कुठल्याही दीर्घ मुदतीच्या विक्रमाला आधी विचार: या काळात दार उघडं होतं का?

गाण्यांच्या 'हॉट १००' यादीलाही असाच नियम आहे. वीस आठवडे झालेलं गाणं पन्नासाच्या खाली गेलं की बाहेर, असा तो बराच काळ होता. पुढे त्यात बदल होत गेले. ज्या वर्षाचा विक्रम त्या वर्षाचा नियम काढ.

पुढचा प्रश्न, मोजणारा कोण? ब्रिटनची पहिली यादी न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ ला छापली. पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानांना फोन करून काय खपतंय ते विचारलं आणि क्रम लावला. यादी 'पहिल्या बारा'ची, पण बरोबरीच्या जागा धरून तिच्यात पंधरा तबकड्या बसल्या! त्या आठवड्यात गायक अल मार्टिनो पहिला होता, हे आज अधिकृत इतिहासात आहे आणि त्याच्यामागे आहेत वीसेक दुकानदारांचे शब्द.

पुढे अशा याद्या अनेक साप्ताहिकं काढायला लागली आणि त्यांचं एकमेकांशी जुळेना. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी'. १९६३ मध्ये न्यू म्युझिकल एक्सप्रेस, मेलडी मेकर आणि डिस्क या तिघांच्या याद्यांत ते पहिलं, 'रेकॉर्ड रिटेलर'च्या यादीत दुसरं. नंतर ज्यांनी संदर्भग्रंथ केले त्यांनी १९६० ते १९६९ साठी रेकॉर्ड रिटेलर हाच आधार धरला आणि गाणं कायमचं दुसरं झालं. २००० मध्ये बीटल्सच्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांचा संग्रह निघाला, त्यात २७ गाणी आहेत आणि हे नाही. "बीटल्सचं ब्रिटनमधलं पहिलं नंबर वन कोणतं" असा प्रश्न काढशील तर कंसात यादीचं नाव टाकल्याशिवाय काढू नकोस. प्रेक्षकांत कुणी तरी जुना बीटल्सभक्त असतोच, आणि तो बरोबरही असतो.

फेब्रुवारी १९६९ पासून ब्रिटनमध्ये एका बाजार-संशोधन संस्थेकडे हे काम गेलं. दुकानदार विक्रीच्या वह्या भरून टपालाने पाठवत. मग १९७१ च्या सुरुवातीला टपाल खात्याचा संप झाला आणि वह्या येईनात. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' त्याच काळातला. पुस्तकांत त्याचा सर्वोच्च क्रमांक पस्तीस वर्षं चौथा छापला गेला. २००६ मध्ये त्या रिकाम्या आठवड्यांसाठी मेलडी मेकरची यादी धरली आणि अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. २००६ आधीचं पुस्तक आणि नंतरचं संकेतस्थळ यांत फरक दिसला तर दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नाही, एवढं समजून घे.

अमेरिकेतही १९९१ पर्यंत कारभार फोनवरच होता. दुकानाचा मॅनेजर क्रम सांगायचा, प्रती नाही. ज्या तबकडीचे गठ्ठे पडून आहेत तिला दोन घरं वर चढवायचा मोह त्याला होणारच. मग साउंडस्कॅन आलं. गल्ल्यावर बारकोड वाचला की विक्रीची नोंद व्हायची. बिलबोर्डने २५ मे १९९१ पासून अल्बमच्या यादीसाठी ते वापरलं आणि यादीचं रूपच पालटलं. कंट्री (अमेरिकी ग्रामीण धाटणीचं संगीत) आणि रॅप हे प्रकार मॅनेजरांच्या सांगण्यापेक्षा कितीतरी जास्त खपत होते असं निघालं. त्याच सप्टेंबरात गार्थ ब्रुक्सचा 'रोपिन द विंड' थेट पहिल्या क्रमांकावर उतरला, कंट्रीच्या अल्बमला हे तोवर जमलं नव्हतं. म्हणून १९९१ च्या अलीकडची आणि पलीकडची तुलना असेल तर प्रश्नाला लाल खूण कर.

तारीख बघतानाही सावध राहा. बिलबोर्डच्या अंकावरची तारीख पुढची असते, विक्री त्याआधीच झालेली असते. आणि पूर्वी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंक निघत नसे, तेव्हा आधीच्याच यादीतले क्रमांक पुढे ओढत. छापील अंक मोजून काढलेले आठवडे आणि बिलबोर्ड सांगतं ते आठवडे यांत एकाचा फरक आला तर बहुतेक वेळा तो तिथलाच असतो. जुने अंक गूगल बुक्सवर पानापानाने बघता येतात. ब्रिटनच्या याद्या ऑफिशियल चार्ट्सच्या संकेतस्थळावर आठवड्याप्रमाणे आहेत. मूळ पान बघितल्याशिवाय मी सही करत नाही.

स्ट्रीमिंगबद्दल थोडक्यात. पूर्वी तबकडी एकदा विकत घेतली की नोंद एकदाच, मग घरी हजार वेळा वाजवा. आता प्रत्येक वाजवणं मोजलं जातं. किलर्स या रॉक बँडचं 'मिस्टर ब्राइटसाइड' हे गाणं २००४ मध्ये ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंतच गेलं होतं, पण पहिल्या शंभरात त्याचे ४०० हून जास्त आठवडे झालेत. लोक ते लग्नात आणि पबमध्ये अजून लावतात म्हणून. विक्रम खराच आहे, पण तो ऐकण्याचा आहे, विकत घेण्याचा नाही.

आता कोटींकडे. इथे माझ्यातला तपासनीस जागा होतो. अमेरिकेतलं सुवर्ण किंवा प्लॅटिनम प्रमाणपत्र आरआयएए ही रेकॉर्ड कंपन्यांचीच संघटना देते, तेही कंपनीने स्वतः अर्ज करून हिशेब तपासून घेतला तर. मोजतात तो दुकानांकडे पाठवलेला माल, परत आलेला वजा करून. जांगड, म्हणजे न खपल्यास परत घेण्याच्या बोलीवर, दिलेला माल विक्रीत धरला तर ताळेबंद कसा फुगतो, ते कुठल्याही घाऊक व्यापाऱ्याला विचार. ज्याने अर्जच केला नाही त्याचा कागदही नाही: मोटाउन ही कंपनी साठच्या दशकात या संघटनेत नव्हती, त्यामुळे तिच्या त्या काळातल्या गाजलेल्या तबकड्यांना तेव्हाची सुवर्णपत्रंच नाहीत. सुवर्णपत्र नाही म्हणजे खप नाही, असं लिहू नकोस.

प्रमाणपत्राचं एककही बघ. १९५८ मध्ये सुरुवात झाली तेव्हा अल्बमचं सुवर्ण प्रतींवर नव्हे, दहा लाख डॉलरच्या विक्रीवर ठरत असे. प्लॅटिनम १९७६ मध्ये आलं, दहा लाख प्रतींना एक. जोडअल्बममध्ये तबकड्या मोजतात: पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'ला २३ वेळा प्लॅटिनम आहे, म्हणजे संच साडेअकरा दशलक्ष. २३ दशलक्ष लोकांनी विकत घेतला असं छापलेलं मी अनेकदा वाचलंय. शिवाय २०१६ पासून १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम असा हिशेब त्यात मिसळला. ईगल्सच्या १९७६ च्या संग्रहाला २०१८ मध्ये ३८ वेळा प्लॅटिनम झालं, ते निव्वळ तबकड्यांचं नाही. ब्रिटनमध्ये अल्बमचं प्लॅटिनम तीन लाखांना मिळतं. दोन देशांची प्लॅटिनमं कधी बेरजेत घेऊ नकोस.

जगभरच्या आकड्याला तर व्हाउचरच नसतं. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चे आकडे साडेसहा कोटींपासून दहा कोटींच्या वरपर्यंत फिरतात. अमेरिकेतलं प्रमाणपत्र ३४ वेळा प्लॅटिनम, हा कागदावरचा भाग. बाकी देशांची प्रमाणपत्रं प्रतींत बदलून बेरीज कर, दहा कोटींपासून किती दूर राहतोस ते दिसेल. बिंग क्रॉस्बीच्या 'व्हाइट ख्रिसमस'ला पाच कोटी म्हणतात. गाणं १९४२ चं, आकडा हा अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच गिनेसने नोंदवलाय. त्यात आणखी एक गोम: ज्या मूळ मुद्रणावरून प्रती काढतात तो 'मास्टर' वापरून वापरून झिजला म्हणून क्रॉस्बीने १९४७ मध्ये तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. आज आपण बहुधा दुसरं ऐकतो. पाच कोटी नेमके कुणाचे?

हे परदेशाचंच दुखणं आहे असं समजू नकोस. १९७४ मध्ये गिनेसने लतादीदींच्या नावावर १९४८ ते १९७४ या काळातली किमान २५,००० गाणी लिहिली. भागाकार कर: वर्षाला ९६० च्या वर, रोज अडीचपेक्षा जास्त, दिवाळीची सुट्टी न घेता. त्या काळात हिंदीत वर्षाला शंभर-सव्वाशे चित्रपट आणि चित्रपटामागे आठेक गाणी. म्हणजे ही गाणी हिंदीतली धरली तर तिथलं जवळजवळ प्रत्येक गाणं, रफी-किशोरची एकल गाणीसुद्धा, त्यांनीच गायली असं मानावं लागेल. रफीसाहेबांनी हरकत घेतली, पुढे १९९१ मध्ये ती नोंद निघाली, आणि २०११ मध्ये आशाताईंच्या नावावर ११,००० पर्यंत अशी नोंद झाली. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांच्या गीतकोशासारखी चित्रपटवार, गाणंवार सूची समोर ठेवून मोजदाद केली की असले आकडे आपोआप खाली येतात. दीदींचा मोठेपणा त्याने तसूभरही कमी होत नाही, पण हे वाक्य मला प्रत्येक वेळी वेगळं लिहावं लागतं, नाहीतर ग्रुपवर भांडण.

आणि बिनाका गीतमालेबद्दल तू विचारलं होतंस, सर्वाधिक आठवडे कुठलं गाणं. अमीन सायानी यांचा हा कार्यक्रम डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाला. आधी सात गाणी लागत, क्रम श्रोत्यांनी लावायचा. पायदान, म्हणजे गाण्याचा यादीतला क्रमांक, नंतर आलं. क्रमामागे दुकानांतली विक्री आणि श्रोत्यांची पत्रं, दोन्ही असत. खूप आठवडे झालेलं गाणं 'सरताज' करून मानाने निवृत्त करत, म्हणजे टिकण्याला वरून झाकण लावलेलं. १९८९ मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर आला, मधे नावही बदललं. तेव्हा सर्वाधिक आठवड्यांचा प्रश्न गाळ. वार्षिक यादीतल्या क्रमाचा काढ, वर्ष लिहून, आणि उत्तरपत्रिकेत 'गीतमालेच्या वार्षिक यादीनुसार' एवढे शब्द घाल.