बेडूक आणि आपण: शरीरसंस्थांची तुलना कशी करायची (कोष्टक न घोकता)

अकरावी-बारावीची पोरं उभयचर आणि सस्तन यांची तुलना म्हणजे दोन रकान्यांचं कोष्टक घोकतात आणि पेपरात हृदयाचे कप्पे तीन कोणाचे चार कोणाचे तेच उलटं लिहून येतात, म्हणून सांगतो, हृदयापासून सुरुवात करूच नका, कातडीपासून करा.

ठाण्यात राहत असाल तर पावसाळ्यात येऊरच्या बाजूला एक फेरी मारा. पहिल्या जोरदार पावसानंतर पिवळेधमक झालेले नर बेडूक डबक्यात ओरडत असतात. हात लावू नका प्लीज, हाताला क्रीम किंवा सॅनिटायझर असेल तर ते त्याच्या कातडीतून थेट आत जाऊ शकतं. शांत बसलेला एखादा शोधा आणि फक्त गळ्याखाली बघा, ती जागा सारखी वरखाली होते पण आपल्यासारखी छाती फुगत नाही. त्याला बरगड्यांचा पिंजरा नाही, श्वासपटलही (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) नाही, त्यामुळे तो नाकातून तोंडात हवा घेतो, नाकपुड्या बंद करतो आणि ती हवा फुफ्फुसात ढकलतो. आपलं उलटं, श्वासपटल खाली जातं, छातीत जागा होते, हवा आत ओढली जाते.

आता मुद्दा असा की बेडूक ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, पाण्याखाली तर सगळी मदार तिच्यावरच, आणि पाणी पण तो तोंडाने पित नाही, पोटाकडच्या कातडीतून शोषतो. म्हणजे ऑक्सिजनवालं रक्त हृदयात दोन ठिकाणांहून येतं. फुफ्फुसातलं डाव्या अलिंदात (अलिंद म्हणजे रक्त आत घेणारा कप्पा), कातडीतलं शरीराच्या बाकी रक्तासोबत उजव्या अलिंदात. निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) एकच, पण तिथेही रक्त पूर्ण मिसळत नाही. म्हणून "बेडकाचं हृदय अपूर्ण" असं लिहू नका, त्याच्या जगण्याला ते बरोबर बसतं. आपल्याला शरीर सतत 37 अंशांच्या आसपास ठेवायचं असतं, त्याला भरपूर ऑक्सिजन लागतो, म्हणून चार कप्पे आणि ऑक्सिजनवालं व बिनऑक्सिजनचं रक्त पूर्ण वेगळं. बेडूक स्वतःची उष्णता तयार करून टिकवत नाही, त्यामुळे त्याचं कमी खाण्यात भागतं आणि कोरड्या दिवसांत तो मातीत जाऊन पडून राहतो.

रक्तपेशींचं एका ओळीत: बेडकाच्या लाल पेशीत केंद्रक असतं, सस्तनांच्या पक्व लाल पेशीत नसतं, उंटाच्यातही नाही, तिथे आकार बेडकासारखाच अंडाकृती असल्यामुळे पोरं हमखास फसतात.

उत्सर्जनात मार्क जातात कारण "बेडूक अमोनिया, माणूस युरिया" असं लिहिलं जातं. मोठा बेडूकही मुख्यतः युरियाच टाकतो, अमोनिया टाकतो तो पाण्यातला टॅडपोल (बेडकाचं शेपटीवालं पिल्लू). अवस्कर (शरीरातून बाहेर पडायची सामाईक वाट) मात्र खरा फरक आहे, बेडकात विष्ठा, मूत्र आणि जननपेशी सगळं एकाच वाटेने बाहेर, बहुतेक सस्तनांत विष्ठेची वाट वेगळी (अंडी घालणारे प्लॅटिपस आणि एकिडना हे अपवाद).

कानात त्याचं हाड एक, आपली तीन. मेंदूच्या नसा त्याच्या 10 जोड्या, आपल्या 12, हे सरळ पाठ करा.

आणि कोष्टक काढायचंच असेल तर तीन रकाने काढा, टॅडपोलला वेगळा रकाना द्या, कारण त्याला कल्ले असतात, सुरुवातीला हृदयाचे कप्पे दोनच असतात आणि तो बहुतेक शेवाळ खरवडून खातो म्हणून त्याचं आतडं लांबलचक गुंडाळलेलं असतं, बेडूक होताना तेच आखूड होतं.