बंक हीटर ‘ओव्हरहीट’: घाम फुटला की थंडी वाजली?

सांगलीच्या आयटीआयत डिझेल मेकॅनिक झालो, मग एसटीच्या डेपोत अप्रेंटिस. इंजिन का तापतं यावर मी तासभर बोललो असतो, पण केबिनचा हीटर? आपल्याकडे ड्रायव्हरच्या पायाशी इंजिनाची एवढी धग येते की हीटर कोण मागणार! मग कॅनडात आलो आणि टोरोंटोशेजारी ब्रॅम्प्टनजवळच्या एका ट्रक दुरुस्तीच्या शॉपमध्ये लागलो. महिना जानेवारी, बाहेर उणे २०, आणि दुसऱ्याच आठवड्यात हातात पडलेल्या वर्क ऑर्डरवर एकच ओळ: ‘बंक हीटर ओव्हरहीटिंग’.

बंक म्हणजे सीटमागची झोपायची जागा. लांब पल्ल्याचा ड्रायव्हर आठवड्याच्या पाच-सहा रात्री तिथेच काढतो. ऊब हवी म्हणून रात्रभर इंजिन चालू ठेवलं तर तासाला साधारण तीन लिटर डिझेल जातं. टोरोंटो शहरात तर काही सवलती सोडल्या तर उभ्या गाडीचं इंजिन तासात एक मिनिटापेक्षा जास्त चालू ठेवता येत नाही. म्हणून बंकखाली डिझेलवर चालणारा छोटा हीटर बसवतात. तो तासाला साधारण पाव लिटर किंवा त्याहूनही कमी पितो.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की बंकखाली हीटरचा एक डबा असतो, त्यात इंजिनाचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरतं आणि एक झडप गरम-थंड हवा मिसळते. ओव्हरहीट म्हणजे झडप अडकली असणार, असं मनाशी धरलं. गादी उचलली, फळी काढली, झडपेची मोटर बदलली, नवी कॅलिब्रेट केली. अर्धा दिवस गेला. मोटर नवी, बिघाडाचा कोड तोच.

फोरमन आला. पंजाबी माणूस, त्याला आम्ही सगळे पाजी, म्हणजे दादा, म्हणायचो. त्याने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ वेटिंग रूममध्ये जाऊन ड्रायव्हरला विचारलं, “रातीं पसीना आया कि ठंड लग्गी?”

“ठंड, होर की!”

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. ओव्हरहीटिंगची तक्रार आणि माणूस रात्रभर कुडकुडतोय! पण एकदा हीटरची रचना कळली की हे अगदी सरळ आहे. डिझेल हीटर म्हणजे छोटी भट्टी. पंप टकटक करत मोजून डिझेल सोडतो, ग्लो पिन ते पेटवते, ज्वाला बंद धातूच्या कोठीत जळते, धूर नळीने गाडीखाली जातो. पंखा केबिनची हवा ओढून त्या तापलेल्या कोठीवरून फिरवतो आणि तीच हवा बंकमध्ये येते. ही हवा कुठे अडली की कोठी तापत जाते, सेन्सर डिझेल तोडतो आणि हीटर बंद पडतो. म्हणजे ओव्हरहीट झालाय हीटर, ड्रायव्हर नव्हे. असं पुन्हा पुन्हा झालं की कंट्रोलर स्वतःला लॉक करतो. मग लॅपटॉप लावून लॉक काढावा लागतो. पण कारण न शोधता नुसता लॉक काढून गाडी सोडली, तर ती दोन दिवसांत परत येते.

त्या गाडीत कारण एक नव्हतं, तीन होती. बंकखालच्या कप्प्यात हवा आत घेणाऱ्या जाळीला टेकून बुटांचे दोन जोड आणि ब्लँकेटची पिशवी. गरम हवेची लवचिक नळी एका वळणावर चेपून निम्मी झालेली. तिसरं कारण पाजीने नुसतं विचारून काढलं: सकाळी उठल्यावर हीटर कसा बंद करतोस? ड्रायव्हर म्हणाला, बॅटरीचा मेन स्विचच फिरवतो, बॅटरी वाचते. इथेच घोळ होता. हीटर बटणाने बंद केला की ज्वाला विझल्यावरही पंखा काही मिनिटं चालू राहतो आणि कोठी थंड करतो. मेन स्विच तोडला की पंखा जागच्या जागी थांबतो आणि सगळी उष्णता आत कोंडते. रोज असं केलं की सेन्सर आणि पंखा दोन्ही हळूहळू मरतात.

नळी बदलली, कप्पा रिकामा केला, कोड काढला. कामाला लागलेला वेळ चाळीस मिनिटं. मी घातलेल्या अर्ध्या दिवसाचं बिल मालकाने ड्रायव्हरला लावलं नाही, पण माझ्याकडे बघितलं मात्र जरूर.

फेब्रुवारीत उलटी केस आली. यावेळी मी शहाण्यासारखा आधी विचारायला गेलो. ड्रायव्हर म्हणाला, इंजिन चालू असलं की बंकमध्ये भट्टी, थंडवर ठेवा नाहीतर गरमवर. म्हणजे आता बिघाड खरोखर कूलंटवाल्या डब्यात, कारण तोच इंजिनाच्या उष्णतेवर चालतो. काही गाड्यांत कूलंटच्या नळीवर ते अडवणारा वॉटर व्हॉल्व्ह असतो. तो बंद असताना पुढची नळी तापली तर व्हॉल्व्ह गळतोय. पण ज्या गाडीत व्हॉल्व्हच नाही, तिथे दोन्ही नळ्या कायम गरमच लागतात, त्यावरून काही ठरवू नका. या गाडीत व्हॉल्व्ह नव्हता. झडपेची मोटर नीट फिरत होती, म्हणून यावेळी तिला हात लावला नाही. लॅपटॉपवर बंकचं तापमान बघितलं: उणे ५. मी तेव्हा टी-शर्टवर घामाघूम बसलो होतो!

बंकच्या सेन्सरचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, थंडीत वाढतो आणि उबेत कमी होतो. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, त्यामुळे रेझिस्टन्स फुकटच वाढला होता. कंट्रोलरला वाटायचं माणूस गारठलाय, आणि तो बिचारा आणखी गरम हवा सोडायचा. पिना का गंजल्या? वरच्या कपहोल्डरमधून चहा ओघळलेला. वासावरूनच कळलं, वेलची होती.

पाजीने एका गोष्टीवर मात्र कडक दम दिला होता. ओव्हरहीटचा सेन्सर जोडतारेने बायपास करून हीटर ‘चालू’ करून देणारे लोक भेटतात. ते काम कुणी कितीही घाईत सांगितलं तरी करायचं नाही. तापून कोठीला चीर गेली तर धूर झोपलेल्या माणसाच्या नाकाशी येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. हीटरचं कुठलंही काम झालं की धुराची नळी आणि तिचे जोड हाताने तपासा. बंकमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तसं वर्क ऑर्डरवर लिहा.

आपल्याकडून येणाऱ्या पोरांसाठी थोडं कागदपत्रांचं. ऑन्टारियोत, म्हणजे टोरोंटोच्या प्रांतात, ट्रक मेकॅनिकचं काम ‘३१०टी’ या ट्रेडमध्ये येतं आणि ते सक्तीचं आहे. लायसन्स नसेल तर निदान नोंदणी केलेला अप्रेंटिस असायला लागतं. २०२२ पासून हे स्किल्ड ट्रेड्स ऑन्टारियो या प्रांताच्या संस्थेकडे आहे. भारतातला अनुभव दाखवून थेट परीक्षेला बसण्याची वाटही आहे, पास व्हायला ७० टक्के लागतात. त्यासाठी डेपोची अनुभवपत्रं, कामाच्या तपशिलासकट, तिथून निघण्याआधीच घ्या. इथून फोन करून मागवताना माझे चार महिने गेले. आणि हो, डेपोसारखी हत्यारं इथे स्टोअरमधून मिळत नाहीत. पाने-पक्कड सगळं स्वतःचं. पहिल्या पगारात चांगला मल्टीमीटर घ्या, मोठी टूलबॉक्स नंतर.

मार्चमध्ये पहिला ड्रायव्हर ऑइल बदलायला आला. “पाजी, हीटर एकदम फर्स्ट क्लास,” म्हणाला. मी सहज बंकखालचा कप्पा उघडला. जाळीला टेकून बूट होतेच, यावेळी तीन जोड.